विषय क्रमांक सात

गणपूर्ती झाली नाही, म्हणून सभा अर्धा तास तहकूब केली
आणि त्याच पार्किंगमध्ये, त्याच अकरा माणसांत
पुन्हा भरवली. नियम तसाच आहे.
मी सचिव. संस्था कळंबा रोडला, चार मजली.

विषय एक ते सहा:
बोअरची मोटर, टँकरचं बिल, गच्चीवर वाळत घातलेले सांडगे,
जिन्यात सांडलेलं दूध कुणी पुसायचं.
सात: तीनशे दोनच्या हेरवाडे बाईंचा अर्ज,
'आधार-प्राणी पाळण्यास परवानगी मिळणेबाबत.'

'आधार?' मगदूम म्हणाले,
'मग कार्ड काढलंय काय कुत्रीचं?'
सगळे हसले. मीही हसलो.
इतिवृत्तात हसण्याला रकाना नाही.

कुत्रीचं नाव लवंगी.
जात लिहायच्या जागी बाईंनी लिहिलंय, फुलेवाडी नाका.
वय अंदाजे तीन. लस टोचल्याची पावती जोडली आहे.
रंग भाजलेल्या शेंगदाण्याचा,
हे अर्जात नाही, माझं आहे.

उपाध्ये काका गुडघ्यावर हात टेकून उठले.
'आमच्याकडं रोज नैवेद्य असतो.
लिफ्टमध्ये केस पडले तर?'
बागवान म्हणाले, 'आमच्यातही घरात चालत नाही कुत्रं.
पण लिफ्ट म्हणजे घर न्हवं. आणि बाईंनी
माझ्या नातीला दोन वर्षं गणित शिकवलं, पैसा न घेता.'
चौगुले वहिनी म्हणाल्या,
'आज कुत्रं, उद्या मी म्हैस आणीन.
मला म्हशीचाच आधार वाटतो. दूध तरी देती.'

मग कुणीतरी मागनं म्हणालं,
'सीपीआरच्या डॉक्टरचं पत्र हाय न्हवं? वाचा की.
मोठ्यानं वाचा. काय झालंय ते
कळू दे सगळ्यांना.'

पत्र माझ्या हातात होतं.
दोन ओळी, गोल शिक्का,
आणि निळ्या शाईतला एक शब्द.
बाई शेवटच्या खुर्चीत. अंगठा एकेका पेरावर ठेवत
काहीतरी मोजत होत्या, चुकत होत्या, पुन्हा पहिल्यापासून.
लवंगी उठली, फिरली,
आणि त्यांच्या दोन्ही पावलांवर अख्खी बसली,
वाऱ्यानं कागद उडू नये म्हणून
आपण वर दगड ठेवतो, तशी.

मी पत्राची घडी घातली.
'वाचलंय मी. सही आहे, शिक्का आहे. पुरे.'
'पण आजार कुठला?'
'इतिवृत्तात आजाराला रकाना नाही.'

हा नियम कुठल्या उपविधीत आहे, कुणी विचारलं नाही.
मी तिथंच केला तो.
एकतीस वर्षं जिल्हा परिषदेत काढली की
एवढं जमतं माणसाला.

आमच्या टीव्हीखालच्या खणात, वीजबिलांच्या तळाशी
एक पाकीट असतं. रोज रात्री एक गोळी.
आधी अर्धी होती.
पोरगा पुण्यात, त्याला ठाऊक नाही.
वर छापलेलं नाव
मी स्वतःलाही कधी मोठ्यानं वाचून दाखवलेलं नाही.

ठराव: परवानगी देण्यात येत आहे.
गळ्यात पट्टा हवा. घाण मालकिणीनं उचलायची.
उपाध्ये काका लिफ्टमध्ये असतील
तर लवंगीनं पुढच्या खेपेची वाट बघायची.
सूचक: बागवान.
अनुमोदक:
इथं बराच वेळ कोरं राहिलं.
मोटर आपोआप चालू झाली, आपोआप बंद झाली.
मग चौगुले वहिनी, 'लिव्हा माझं नाव.
पण म्हशीचं फुडच्या मीटिंगला घ्यायचं.'
मगदूम आणि आणखी दोघं तटस्थ.

खुर्च्या रचल्या, दिवा घालवला.
पावणेबाराला इतिवृत्त लिहून झाल्यावर ध्यानात आलं,
पत्र खिशातच राहिलंय.
तिसऱ्या मजल्यावर जिन्यानं गेलो,
बेल वाजवली नाही,
दाराखालून सरकवलं.
आत फरशीवर नखांचा आवाज,
अगदी दारापर्यंत आला,
आणि थांबला.
भुंकली नाही.
मीही लगेच खाली उतरलो नाही.