दोन ओळींची जागा

फॉर्म नंबर सात, निवृत्तीचा.
नाव : एदेल्मिरा नाउतो.
शाळा : एकशिक्षकी. एक खोली, एक चूल,
भरतीला होडीने, ओहोटीला चिखलातून.
सेवा : एकतीस वर्षं.
पुढचा रकाना,
'समाज व व्यवसायासाठी केलेलं अन्य कार्य',
जागा दोन ओळींची.

मी कास्त्रोच्या कचेरीतला कारकून.
रकाने भरण्याचाच पगार खातो,
दिवसाला चाळीस फॉर्म हातावेगळे करतो.
पण या बाईंनी मला तिसरीत नापास केलंय,
आणि त्याच उन्हाळ्यात रोज संध्याकाळी
आमच्या चुलीपाशी बसून,
आई बटाटे सोलत असताना
सालींच्या ढिगाऱ्यातून भागाकार शिकवलाय.
तेव्हा घाई करता येत नाही.

फोन लावला. काय लिहू, बाई?
"बटाट्यांचं नको लिहूस," म्हणाल्या,
"ते सगळेच करतात.
बैठकांचं लिही."

बैठका म्हणजे महिन्यातून एकदा
सात बेटांवरचे सात मास्तर,
आळीपाळीने एकेकाच्या शाळेत.
इतिवृत्ताच्या वह्या माझ्यासमोर आहेत,
निळी शाई, कुठे कुठे समुद्राने पुसलेली.
विषय एक : ओलं सरपण.
विषय दोन : सहा इयत्ता एका खोलीत कशा शिकवाव्यात.
ठराव : पहिलीतल्याला सहावीतल्याशेजारी बसवावं,
मग दोघांनाही वाचता येतं.
विषय तीन : रोसामेल मास्तरांची बायको गेली,
तीन शनिवार त्यांचा वर्ग कोण घेणार?
(तिन्ही शनिवारांसमोर एकच सही.)
एका जूनमध्ये नुसतं एवढंच :
'वादळ. उपस्थिती : मी.
गणसंख्या नाही. चहा झाला.'

ही वही कुणी तपासली नाही.
हिच्यावर बढती नव्हती, भत्ता नव्हता,
होडीचं भाडंसुद्धा पदरचं.

आणि आता जे सांगायचं
ते या फॉर्मात कुठेच बसत नाही.
पोरं चारवर आली तेव्हा
शाळा बंद करण्याचं पत्र निघालं.
ते टाइप मी केलं.
'कळविण्यात येते की' असं लिहिलं
आणि जेवायला गेलो.

आमच्या चिलोएत घर हलवायचं तर
घरच हलवतात. ओंडके खाली, बैल पुढे,
दोरांना अख्खं गाव.
ज्याचं घर त्याने जेवू घालायचं,
आणि प्रत्येकाचा दिवस कधीतरी फेडायचा. सावडीचा हिशोब.
बाईंनी एकतीस वर्षं दुसऱ्यांचेच दोर ओढले.
स्वतःच्या छपराच्या फळ्या कुजल्या, तरी
कुणाला हाक घातली नाही.

त्या मार्चमध्ये घातली.
शाळा टेकडीवर न्यायची होती, दवाखान्याच्या वाटेवर,
म्हणजे निदान लोकांना बसायला, पत्र वाचून घ्यायला
एक छप्पर राहील.
अकरा बैलजोड्या आल्या.
बाई जुनं हजेरीपुस्तक घेऊन दगडावर उभ्या.
दोर धरलेल्या एकेकाचं नाव पुकारलं :
बार्रिया. हजर.
मियालोन्को. हजर, बाई.
टक्कल पडलेले, दात पडलेले,
'हजर' म्हणताना सगळ्यांची पाठ आपसूक ताठ.

एकोणिसावा नंबर माझा.
मी कुंपणाशी, कचेरीच्या बुटांत.
आवाज फुटायला उशीर झाला.
त्यांनी मान वर केली नाही,
फक्त पेन थांबवलं. थांबवूनच ठेवलं.
मग मी बूट काढले.

दोन ओळी लिहिल्यात मी :
'इतरांना दिलेले दिवस : मोजदाद नाही.
परत मागितलेले : एक.'
साहेब म्हणतील, हे काय आहे.

शिक्का मारतोय तोवर फोन.
"शनिवारी ओहोटी चारला आहे," बाई म्हणाल्या.
"नव्या मास्तरीणबाईंना ओली लाकडं पेटवता येत नाहीत.
आणि माझे डोळे गेलेत,
इतिवृत्त लिहायला कुणी नाही.
शाई निळी आण."