शेकडा चार

लानचौ. सहाव्या मजल्यावरची प्रयोगशाळा.
खिडकीखाली नूडल्सवाला पहाटे साडेपाचला
कणीक आपटायला लागतो.
मी त्याच्याही आधी आलेली असते.

आईच्या रक्तात बाळाचं असतं
पिठात मिठाइतकं काहीतरी,
त्याच्या लिपीतले तुटके धागे.
शेकड्याला चार भरले, तर वाचता येतात.
तीन पूर्णांक सहा म्हणजे: पुन्हा या.
हे दोन शब्द काओबाई फार हळू म्हणतात.

लवकर बोलावलं, तर मीठ उतरलेलं नसतं.
उशिरा बोलावलं, तर उत्तर चोख मिळतं,
फक्त त्याचं काही करायला
दिवस उरत नाहीत.
कुठली चूक किती महाग,
हे मला कोणी सांगितलं नाही.
एका मंगळवारी, चहा निवत असताना,
मीच लिहिलं: एकास पाच.
सगळा आलेख आता त्या पाचावर उभा आहे.

म्हणजे मुहूर्तच काढते मी,
पंचांगाऐवजी उंची, वजन, आठवडे घेऊन.
थोराड अंगाच्या बायांना उशिरा बोलवा,
तेवढंच मीठ जास्त पिठात पसरतं.
गट पाडले. बारावा, चौदावा, सोळावा.
गटांच्या कडा सरळ आल्या.

ओळ दोनशे सतरा: मा सूफीयेन,
दोंगश्यांगच्या डोंगरातली.
अकराव्याच आठवड्यात आली,
कारण त्या दिवशी दिराची गाडी
मेंढ्या घेऊन शहरात येणार होती.
तीन पूर्णांक एक.
पुन्हा या.

आली नाही. फोन बंद.
पुढच्या सगळ्या चौकटी कोऱ्या.

काढून टाक, काओबाई म्हणाल्या, अर्धवट आहे.
पण सूत्रात अशांना जागा असते:
इथपर्यंत दिसली, पुढचं ठाऊक नाही.
एवढंही मोजायला चालतं.
मी ठेवली.
तिच्या एका ओळीने वक्र केसभर सरकला,
तिच्या गटातल्या बाकीच्या जणींना
आता एक दिवस उशिरा बोलावणं जाईल.
त्यांना कळणारही नाही कोणामुळे.

अहवालाच्या शेवटी तळटीप लिहिली:
तारीख देण्याआधी विचारावं,
गाडी कधी मिळते.

प्रमुखांनी खोडली. शास्त्रीय नाही म्हणाले.

दुसऱ्या मसुद्यात मी ती परत घातली,
जरा बारीक अक्षरात.