डावा कोपरा

पोशीराम नाखवाच्या नावावर
एकही चढाई नाही.
सतरा वर्षं गुण मीच मांडायचो, वह्या आहेत अजून,
त्या रकान्यात त्याच्यापुढे नुसती रेघ.

तो डावा कोपरा.
चेंदणीच्या खाडीत ओहोटीला होडी ढकलताना
चिखल धरायला शिकलेली पायांची बोटं,
आणि पंजे असे, की वागळे इस्टेटात
रंगाच्या कारखान्याच्या साहेबाने अर्ज वाचलाच नाही.
हात पाहिले. म्हणाला, उद्यापासून ये.
सकाळी डबे उचलायचे, चारनंतर माणसं.

पेपरात नावं चढाईवाल्यांची.
हा 'इतरांनी उत्तम साथ दिली' यातल्या इतरांत.
ती कात्रणंही त्याने जपली.

साखळीत प्रत्येकाचे दोन्ही हात कुणाच्या तरी हातात.
कोपऱ्याचा एक मोकळा,
पलीकडे चुन्याची रेघ
आणि शेंगा खाणारे बघे.

सहासष्टचा अंतिम सामना, कोपरीचं मैदान,
शेवटची दोन मिनिटं, एका गुणाने आम्ही पुढे.
लालबागचा उंच पोरगा खोल आत आला
आणि पोशीरामने घोटा घेतला.
वर चौघे पडले. पोराचा दम तुटत आलेला,
पंचाची शिट्टी ओठांत.
माझं टेबल चार हातांवर. तिथे मी ऐकलं:
ओली फांदी मोडायच्या आधी करते तो आवाज.
पोशीरामने हात सोडला.
वरचे घसरले, पोरगा सरपटला,
त्याचं एक बोट मध्यरेषेला लागलं.
पाच गडी बाद. मीच लिहिलं.

सुपरवायझरची जागा त्या वर्षी दुसऱ्याला गेली.
विचारलं की म्हणायचा,
"घामानं निसटला रे."
लालबागचा पोरगा पुढे दहा वर्षं खेळला,
दोन्ही पायांवर.

आता मानधनाचा फॉर्म घेऊन त्याच्या खाटेशी बसलोय.
चढाईतले गुण: शून्य.
विशेष कामगिरी: दोन ओळींची जागा.
मी पेन टेकवतो, उचलतो.
"काय लिहू?"
"लिही, कोपऱ्यात होतो."

सही आता जमत नाही त्याला.
शाई लावायला मी त्याचा डावा हात धरला,
अंगठा पॅडवर नेणार,
तर त्याने माझंच मनगट पकडलं, खालून, जुन्या सवयीने,
आणि सुनेने आणलेला चहा गार होईपर्यंत
सोडलं नाही.