ओल

ग्लेनिसनं आधी फक्त प्रश्न गोळा केले.
रात्री दोनला माणसं फोनवर काय शोधतात?
'पाळण्यामागच्या भिंतीवर काळे ठिपके.'
मर्थर गावात एकोणीस वर्षं
दुसऱ्यांच्या भिंती घासलेल्या;
उत्तरं तिच्या मनगटातच होती.

गॅसच्या बिलामागे आखणी केली: आठ प्रकरणं,
किंमत एका फिश-चिप्सहून कमी,
मुखपृष्ठ नखाएवढं झालं तरी
'बुरशी' हा शब्द वाचता आलाच पाहिजे.
भाची म्हणाली, आठवं काढ.
आयव्हरची छाती, त्याचा खोकला, तो शेवटचा हिवाळा,
हे कुणी शोधत नाही, आत्या.
काढलं.
व्हिनेगर मारून, मुळासकट.

पहिल्या आठवड्यात तीन प्रती. दोन भाचीच्याच.
मग नोव्हेंबर आला, घराघरांच्या खिडक्या मिटल्या,
आणि खपाचा आकडा
ती झोपलेली असताना
डागासारखा पसरू लागला.
चारशे बारा.

काल ग्रिम्सबीच्या कुणा बाईचा मेल:
भिंत कोरडी झाली, आभार.
पण पान एकतीसवर तुम्ही म्हणता,
'खिडकी उघडाच, तो थंडी वाजते म्हणाला तरी.'
हा तो कोण?

ग्लेनिसनं फाइल उघडली.
ओळ खरंच तिथं होती.
खोडायला एक बोट पुरलं असतं.
केटल उकळून बंद झाली, पुन्हा लावली,
पुन्हा बंद झाली.

मग तिनं उत्तर लिहिलं:
एप्रिलमध्ये भिंतीला हात लावून बघा.
वरून कोरडी वाटते.