झोल

सेहेचाळीस डिग्रीत रेकॉर्ड पापडासारखी वर येते.
अडुसष्टच्या मे महिन्यात नोएल डिक्रूझने
ती सायकलच्या कॅरिअरवर बांधली,
अजनीहून सदरला आणली, भर दुपारी,
आणि बाबांच्या दुकानात सुई टेकवली तेव्हा
लंडनचा तो गवई
दर फेऱ्याला एकदा बुडायचा, एकदा वर यायचा.
बाबा म्हणाले, गेली ही.
नोएल म्हणाला, गेली तर गेली, वाजव.

ती रेकॉर्ड कधीच फुटली.
त्याच दुकानात आता मी कूलरच्या मोटरी वाइंड करते
आणि लाइट गेली की
नोएल आणि इंदोऱ्याचे ताराचंद खोब्रागडे
तिच्यावरून भांडतात.

"जग बदललं, मॅन, त्या पाच-सात वर्षांत.
केस वाढले, लढाया थांबल्या..."
"कोणती थांबली बे?"
"नसेल थांबली. पण पोरांनी विचारलं तरी ना, काऊन म्हणून."
"आमच्या इथं छप्पन सालीच विचारलं होतं.
त्याच्यासाठी गिटार नाही लागली.
माझा बाप रात्रभर गायचा कंदिलाच्या उजेडात,
अन् सकाळी मिलच्या भोंग्याले हजर."

नोएल गप्प. मग हळूच,
"तुझ्या बुलबुल तरंगाला वायर कोणी लावली?"

बाबांनी लावली. मी सोल्डर धरलं होतं, नऊ वर्षांची.
ॲम्प्लिफायर एकच होता, सहा व्हॉल्व्हचा, त्यातला एक कायमचा तापट.
शनिवारी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या लाकडी फ्लोअरवर,
टाचांचे बूट घातलेल्या पोरी नाचायच्या त्याच्यासमोर.
रविवारी तोच, सायकलरिक्षात गोधडीत गुंडाळून, कमाल चौकात.
तारेचा तो चिरका, दात शिवशिवणारा आवाज
दोन्हीकडे सारखाच फाटायचा.
बाबांना कोणी विचारलं नाही, तुम्हाला कोणतं आवडतं.
त्यांना बातम्या आवडायच्या.

परवा ताराचंदभाऊंची नात आली, श्रावस्ती,
पाठीवर बास गिटार, तोंडात बोरकूट.
दोघांचं ऐकून घेतलं, बिया थुंकल्या, म्हणाली,
"ती चाल त्यांची नव्हतीच, नोएल अंकल.
तिकडच्या कापूस वेचणाऱ्या माणसांची होती.
ह्या पोरांनी उचलली, इस्त्री करून घातली.
वारसा कोणाचा मग?
ज्याचा फोटो कव्हरवर, त्याचा?"

कापूस म्हटल्यावर ताराचंदभाऊ स्टुलावर सरळ झाले.
"आई गायची," ते म्हणाले, "कळमेश्वरले, वेचता वेचता.
एक ओळ आठवते. अर्धी."
आणि ती काही म्हटली नाही त्यांनी.
नोएलने टोपी काढली, परत घातली.
"पण त्या चोरांच्या मागं मागंच तर
मी त्या माणसांपर्यंत गेलो ना," असं काहीतरी पुटपुटला.
हेही खरं असेल. मला ठरवता येत नाही.
माझ्या हातात तांब्याची तार होती
आणि मी फेरे मोजत होते, एकशे बारा, एकशे तेरा.

लाइट आली. कूलर धडधडला, खसाचा ओला वास.
श्रावस्तीने फोनवर तेच गाणं लावलं,
धुऊन, पुसून, नवं केलेलं,
एका रेषेत, कुठेही न वाकणारं.
दोघं म्हातारे कान पुढे करून बसले,
आणि जिथं गवई बुडायचा
तिथं आम्हा तिघांच्याही माना आपोआप खाली गेल्या
आणि खाली काहीच नव्हतं.
अंधारात एक पायरी जास्त धरावी, तसं.

"हे ते नाही," नोएल म्हणाला.
"नाहीच," ताराचंदभाऊ म्हणाले.
साठ वर्षांत पहिल्यांदा एकमत.

"मग कसं होतं? गाऊन दाखवा,"
श्रावस्तीने कूलर बंद केला.

आम्ही तोंड उघडलं
आणि तिघांनी तीन ठिकाणी वाकवलं.
घामाघूम होऊन
पुन्हा भांडायला बसलो.