मधल्या डब्यावरचा लाल दिवा

सोयरूचा फोन पहाटे पावणेपाचला.
मोलेच्या वळणावर ट्रकनं भेकर उडवलंय,
नर आहे, धुगधुगी आहे,
डॉक्टर फोंड्याहून निघालाय, बाय, तू येता?

मी गेले ती सुई आणि हेपारिनची कुपी घेऊन.
लाज वाटली. सांगताना अजून वाटते.
मानेच्या शिरेतून पाच मिली.
ते माझ्याकडे बघत होतं
की माझ्या मागच्या उजाडण्याकडे, कळलं नाही.
सोयरूनं शिंगाच्या बुडाशी हात ठेवला होता,
तापल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

बर्फ दिला पिएदादनं, कुळ्याच्या बाजारात,
बांगड्यांखालून ओंजळभर काढून, पैसे न घेता.
ताळगावापर्यंत बसमध्ये माझ्या मांडीवर
मासळीच्या वासाचं एक रान.

भेकर गुरुवारी दुपारी गेलं.
त्याच्या पेशी रविवारपर्यंत जगल्या.
सदतीस अंशांच्या पेटीत, काचेच्या बाटलीत,
मालक गेल्याची वर्दी न पोचलेल्या
शेतावरच्या गड्यांसारख्या
काम करत राहिल्या, एकीच्या दोन, दोनांच्या चार.

मग कळलावी.
म्हणजे तिच्यातलं विष, कंपनीच्या बाटलीतलं.
पण वेल तीच, आमच्या कुंपणावर श्रावणात
उलट्या ज्वाळा घेऊन चढणारी.
घराघरांत भांडणं लावते म्हणून नाव खराब तिचं,
इथे मात्र वाटणी थांबवते:
पेशी वेगळं बिऱ्हाड करायला निघालेली,
भांडीकुंडी ओटीवर मांडून झालेली,
आणि तेवढ्यात सगळं जागच्या जागी थबकतं.
मोजून घ्यावं.

मोजलं.
करवंदाच्या रसात बुडवून काढल्यासारखी सहा,
लांबच लांब,
आणि कडेला एक टिंब,
धूळ समजून पुसणारच होते.
दुसऱ्या पेशीत बघितलं. तिसऱ्या. एकविसाव्या.
टिंब होतंच.

फार पूर्वी यांच्या कुळात सत्तर होती म्हणे.
मग टोकाला टोक लागत गेलं.
कुळे स्टेशनात घाट चढण्याआधी
मालगाडी कण्हत उभी राहते,
मागून इंजिनं येऊन भिडतात, खण्ण,
आणि तो खण्ण शेवटच्या डब्यापासून पहिल्यापर्यंत
धावत जातो. तसं काहीतरी,
फक्त लाखो वर्षं लागलेलं आणि आवाज नसलेलं.
गाड्या घटल्या, माल जवळजवळ तेवढाच.
सांध्यांत अजून जुन्या टोकांच्या खुणा सापडतात:
जिथे कधीकाळी गाडी संपायची
तिथला लाल दिवा,
विझलेला,
आता मधल्याच एका डब्यावर लटकलेला.

सोयरूला फोन केला.
‘कितलीं मेळ्ळीं?’
सात.
‘आनी मनशाक?’
शेचाळीस.
‘आमच्या गायीक?’
साठ.
तो हसला. गाय वरचढ निघाल्याचं त्याला बरं वाटलं.
म्हटलं, तुझ्या चौकीच्या पायरीशी पावसात
एकच पान काढतो ना तो नेचा,
त्याच्या जातीत बाराशेच्या वर मोजलीत.
‘ताका कित्याक इतलीं?’
माहीत नाही, म्हटलं.
खरंच माहीत नाही. वर्गात मी हे
एवढ्या सरळ कधी सांगितलेलं नाही.

थोडं थांबून म्हणाला,
वळणावर दोन रात्री एक मादी भुंकते.
एकदा. मग बराच वेळ काही नाही.
मग एकदा.

तिच्यात सहा असतील. टिंब नसेल.
हे त्याला सांगितलं नाही.

काचपट्टीच्या कडेला पेन्सिलनं लिहिलंय:
मोले. नर. सात.
तारखेची जागा कोरी आहे.
गुरुवार घालायचा की रविवार,
टोक करून घेतलं, तरी ठरत नाही.