मार्जिन

खोली दहा बाय अकरा.
टेप माझ्या गळ्यातच असते, म्हणून नेमकं सांगते:
दारामागे साडेचार इंच,
दिवाणाखाली अकरा, तेही ट्रंकांनी भरलेले,
फ्रिज आणि भिंत यांच्यामध्ये दोन.
तिथे पाट उभा राहतो, पोळपाट नाही.

ग्वाल्हेरला, माधवगंजात, दुसऱ्या मजल्यावर
मी बायकांचे ब्लाउज शिवते.
कडेला दीड इंच आत सोडते.
बाळंतपण होतं, थायरॉइड होतो, कधी सुखही होतं,
बाई वाढते, उसवायला कापड हवं.
हे घर ज्याने बेतलं
त्याने अगदी काठावरून कात्री चालवली.

इथल्या थंडीला चार रजया लागतात.
मार्च सरला की त्या चारही
मुक्कामी पाहुण्यांसारख्या मधोमध बसून राहतात.
त्या ट्रंकांत कोंबल्या, मग स्वेटर उघड्यावर आले.
उशांतला गुठळ्या झालेला कापूस फेकला
आणि खोळींत लोकर भरली.
जुई म्हणते, आई, कानाखाली बटण टोचतंय.
कूस बदल, म्हटलं, ते बाबांचं कार्डिगन आहे.

मोठ्या पातेल्यात मधलं, मधल्यात धाकटं,
धाकट्यात वाटी, वाटीत लवंगांची पुडी.
चहाला लवंग हवी
तर अख्खी वंशावळ खाली उतरवायची.
श्रीरंग म्हणतो, सामान कमी करू या.
म्हणतो, आणि जळालेल्या मिक्सरचं झाकण
कागदात गुंडाळून परत माळ्यावर ठेवतो.

शेवटी मला कूलर सापडला.
म्हणजे खिडकीत होताच,
लोखंडी, आतून चंदेरी रंग मारलेला,
एवढं मोठं पोट घेऊन
ऑक्टोबरपासून नुसता उपाशी उभा.
टाकी पुसली, पेपर अंथरला
आणि आत ठेवले न नेलेले ब्लाउज.

एकोणीस.
माप दिलं, कापड दिलं, आल्याच नाहीत.
प्रत्येकाला टाचणीने चिठ्ठी:
'बापटवहिनी, पाठीला लटकन.'
'छावणीवाल्या, लग्न चौदाला.'
सगळ्यात जुनीवर नुसतं 'घाई' लिहिलंय,
तिला सहा वर्षं झाली.

एप्रिलची सात तारीख, पारा एकेचाळीस.
मी अस्तर आणायला गेलेली.
श्रीरंगने मोठ्या प्रेमाने
वरच्या झडपेतून पाइप सोडला, आत न बघता.
परत आले तर खोली गार,
पडद्यावर गुलाबी शिंतोडे,
आणि हा कौतुकाची वाट बघत बसलेला.

त्या संध्याकाळी गच्चीवरच्या दोरीला
एकोणीस बायका, बिनडोक्याच्या,
गरम वाऱ्यात बाह्या हलवत होत्या.
भदौरियाभाभी पलीकडून: दुकान खोल ली क्या?
चिठ्ठ्यांवरची शाई धुऊन गेली होती.
मी मापांवरून ओळखू लागले:
हा उतरता खांदा बँकेतल्या बाईंचा,
हा अडतीसचा, गळा खोल सांगून
मग दोनदा लाजून वर घ्यायला लावलेला.
जांभळा मात्र कुणाचाच वाटेना.
अंगाला लावून पाहिला. तंग होता.

रात्री दिव्याखाली त्याच्या कडा उसवल्या.
दीड इंच, दोन्हीकडे, जसाच्या तसा,
माझाच हात, माझाच टाका,
आणि आतलं कापड इतकं गडद
जणू काल दुकानातून आणलेलं.

सकाळी तो घालून पोळ्या करत होते.
श्रीरंग म्हणाला, नवा?
म्हटलं, छे रे, ठेवायला जागा नव्हती.

अठरा अजून आहेत, माझ्या उशीत.
हूक टोचतात.
ज्यांचे असतील त्यांनी घेऊन जावेत,
ऑक्टोबरपर्यंत तरी.